धाकट्याचा पहिला पट

बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात, बोलताना नुसता पट. जोडीला हलका छकडा जुंपायचा, धुरकऱ्यानं पुढे धुरेवर बसून कासरे धरायचे आणि आखलेल्या सरळ पट्टीवरून शेवटच्या रेषेपर्यंत पळवायचं. शेजारच्या पट्टीवर दुसरी जोडी पळते. वळण नाही, खड्डा नाही. तोंडातला चहाचा घोट गिळेपर्यंत खेळ संपलेला असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात बैलाला शिकवण्यासारखं आहे काय? शिकवायचं एकच असतं, सरळ जायचं, आणि त्यातच वर्ष जातं. दोन्ही बाजूंना दोरीला चिकटून माणसं उभी असतात, भोंगा ओरडत असतो, शेजारची जोडी अंगावर आल्यासारखी वाटते. नवा बैल अशा वेळी फाटतो, म्हणजे पट्टी सोडतो. तो फाटला की छकडा थेट माणसांत.

म्हणून त्या पटाच्या समितीनं नियम ठेवला होता: तीन दिवसांत जी जोडी दोनदा पट्टीबाहेर जाईल ती बाद. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, नियम त्याहून कडक होता.

"पह्यल्याच पटात दोनदा फाटला का त्याच्या डोक्यात फाटणंच बसते," ते निघायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाले. "मंग तो पटाचा नाई. डवऱ्याले जुंपजो न् इसरून जाजो."

धाकट्याला, आमच्या तरण्या बैलाला, मी दोन वर्षं तयार केलं होतं. कपाशीतलं तण काढायचा डवरा ओढायला आमच्याकडे दुसरे बैल होते.

आमचं शेत अल्लीपूरच्या पुढे. नवरा गावात हार्डवेअरचं दुकान पाहतो, शेती मी पाहते. दीर हिंगणघाटला जिनिंगमध्ये नोकरीला आहे. पटाच्या दिवसांत सुटी काढून धुरकरी होतो. मामाजी तरुणपणी स्वतः नावाजलेले धुरकरी होते. आता गुडघे गेले. खुर्ची टाकून बसतात आणि तोंडानं बैल पळवतात.

हल्ली पटातल्या बऱ्याच जोड्या अर्ध्या-अर्ध्या असतात. एक बैल एका गावचा, दुसरा दुसऱ्या गावचा, मालकांचं पटतं तोवर जोडी. मामाजींना हे कधीच मान्य नव्हतं. जोडी एका दावणीची पाहिजे, एका हातचं खाल्लेली, हा आमच्या घरचा दंडक. आमचा थोरला बैल आणि त्याचा जुना जोडीदार असेच एका दावणीवर वाढलेले, दोघंही गवळाऊ जातीचे, लांब पायांचे, पांढरे. जोडीदार पायानं अधू झाला आणि थोरला एकटा राहिला. त्याचंही वय झालेलं. त्याच्या खांद्याला खांदा लावून धाकटा याच हिवाळ्यात शिकला तर घरची जोडी राहणार, नाहीतर संपली. एवढं साधं होतं ते.

धाकटा चार दाती, म्हणजे वयानं कोवळाच. अंगानं भरलेला, चालीत थोडा उर्मट. मी त्याला पांदणीनं, म्हणजे शेतात जायच्या वाटेनं शिकवलं. सकाळी शेतात जाताना चालत, संध्याकाळी घरी येताना थोरल्याबरोबर पळत. काठी कधी वापरली नाही. आता तर पटात काठी किंवा टोचायची तुतारी हातात दिसली तरी बाहेर काढतात. त्याला माझा आवाज कळत होता आणि कासरा कळत होता, तेवढं पुरे.

तिसरा दिवस समितीनं बायकांसाठी ठेवला होता. जोडी तीच, धुरकरी बाई. दिरानं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं.

"विचारायचं तरी," मी म्हणाले.

"वहिनी, त्याले रोज तुमीच पळवता. मंग नाव काय माह्या सासूचं देऊ?"

पट कारंज्याच्या बाजूला होता, हायवेपासून आत, एका गावच्या पडीक रानात. आम्ही दोन्ही बैल पिकअपमध्ये चढवून नेले. थंडी होती. ढाब्यांसमोर ट्रक लागलेले, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग. मैदानावर पोचल्यावर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी धाकट्याचे दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले आणि पाठीवर थाप मारली. थोरल्याजवळ ते जरा जास्त थांबले. "वय झालंय, पण पाय चांगले आहेत," म्हणाले आणि दोघांनाही पास केलं.

आमच्या शेजारी कारंज्याकडचाच एक संत्र्याच्या बागेवाला उतरला होता. त्याच्याकडे एकच बैल, तांबूस, डोळ्यांत आग असलेला. जोडीदार तो पटापटाला बदलायचा. मामाजींना तो ओळखत होता.

"काका, घरचीच जोडी अजून?"

"घरचीच."

"एक म्हातारा, एक लेकरू. हे जोडी नाई काका, नातू आजाले फिरवून राह्यला."

मामाजींनी त्याच्याकडे न पाहता तंबाखू मळली. "तुया बैल दर पटाले नवी बायको करते. त्याले काय समजते संसारातलं?"

बागेवाला हसला. मीही हसले. पण माझं लक्ष धाकट्याच्या कानांकडे होतं. भोंगा वाजला की ते दोन्ही एकदम तिकडे वळायचे.

पहिल्या दिवशी शेतकरी गट. दीर धुरेवर बसला. थोरला उजवीकडे, धाकटा डावीकडे, जसे पांदणीत असायचे तसेच. सुरुवातीच्या रेषेवर माणसं बैलांना पुढून धरून उभी होती. मी पट्टीच्या मध्यावर दोरीच्या मागे जाऊन थांबले, कारण फाटला तर तिथेच फाटेल असा माझा अंदाज होता.

झेंडी पडली. निम्म्या पट्टीपर्यंत जोडी सुरेख आली. धाकट्याची मान पुढे, दीर जवळजवळ आडवा झालेला. मग छकडा उजवीकडे सरकू लागला. आधी थोडा, मग एकदम. दिरानं ओरडून काही उपयोग झाला नाही. समोरच्या बाजूची दोरी तुटली, माणसं दोन्हीकडे पळाली, चिवड्याची गाडी आडवी झाली. चाक एका म्हाताऱ्याच्या वहाणेवरून गेलं. सुदैवानं म्हातारा वहाणेत नव्हता. दीर खाली पडला आणि उठला. कोपर सोललं होतं. बैल पुढच्या तुरीच्या धसकटात जाऊन आपोआप थांबले.

"जोडी पट्टीच्या बाहेर," भोंग्यावरून आलं. "एकदा झालं. धुरकरी ठीक आहेत. चिवडेवाल्यानं समितीकडं यावं."

त्यानंतर आमच्या राहुटीत जो पंचनामा झाला त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. धाकट्यानं थोरल्याला लोटलं. डावीकडचा बैल उजवीकडच्यावर रेलला की छकडा उजवीकडे जाणार. थोरला चुकणं शक्यच नव्हतं. आमच्या घरात त्याबद्दल कधी कुणी शंका काढली नव्हती, मीही नाही.

"पण काऊन लोटलं?" मामाजींनी मला विचारलं. धाकटा माझा, म्हणून उत्तरही मीच द्यायचं.

मी मैदानावर नजर फिरवली आणि मला उत्तर सापडलं. आमची राहुटी पट्टीच्या उजवीकडे होती. पिकअप तिथे, चाऱ्याचं कुटार तिथे, पाण्याचं पिंप तिथे. धाकटा जन्मात पळाला होता तो फक्त घराच्या दिशेनं. संध्याकाळी पांदणीत पळायचं म्हणजे पुढे गव्हाण आहे, एवढंच त्याला माहीत. इथे गव्हाण उजवीकडे, म्हणून तो उजवीकडे.

"राहुटी हलवायची," मी म्हणाले. "शेवटच्या रेषेच्या पलीकडं. मंग तो सरळ येईन."

दिराला पटलं. मामाजींनाही पटलं, ते नुसते "हं" म्हणाले. आम्ही अंधार पडायच्या आत सगळं बिऱ्हाड उचलून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. धाकट्याला तिथेच खाऊ घातलं, तिथेच पाणी पाजलं. बागेवाल्यानं येऊन विचारलं, "काका, गाव सोडून चालले का?"

दुसऱ्या दिवशी खुला गट. मी या वेळी शेवटच्या रेषेपाशी, कुटाराची टोपली घेऊन उभी राहिले. दिरानं धाकट्याचा कासरा सुरुवातीपासून आखडून धरला होता. जोडी आली, पण पाहवत नव्हती. छकडा पुन्हा उजवीकडे ओढत होता. दीर डावा कासरा दोन्ही हातांनी खेचत होता. उजवं चाक दोरीला घासत गेलं, दोरीमागची माणसं मागे पडली. रेषा ओलांडली तेव्हा चाक आतच होतं, पण कसंबसं.

वेळ इतकी खराब की भोंग्यानं ती दुसऱ्यांदा सांगितली नाही.

दिरानं हात उघडून दाखवले. डाव्या तळव्याची कातडी सोलवटली होती.

"वहिनी, उद्या नाव मागं घेऊ. एकदाच फाटला हाये. इथंच थांबलो तं तो बाद नाई. पुढच्या पटाले पाहू."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या हातात त्याच्यापेक्षा कमी ताकद. त्याला जे कसंबसं जमलं ते मला जमलं नाही तर धाकटा दुसऱ्यांदा बाहेर आणि कायमचा बाद. शिवाय दोरीमागे माणसं होती. नवऱ्याचा दुकानातून फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुया हात-पाय मोडला तं तूर कोण काढन?" काळजी बोलून दाखवायची त्याची हीच पद्धत.

मामाजी खुर्चीत बसून होते. मी त्यांना विचारलं.

"न पळवता घरी नेला," ते म्हणाले, "तं तो हेच शिकून जाईन का दोरी घासली म्हंजे सुटी भेटते. पण मी सांगत नाई. कासरा तुया हातात."

"पळवते," मी म्हणाले. "फक्त समितीले सांगा, दोरी मागं घ्या. उजवीकडची माणसं पार बांधाच्या मागं पाहिजेत."

समितीनं ते ऐकलं. आदल्या दोन दिवसांनंतर त्यांनाही तेच हवं होतं.

सकाळी उजाडल्यावर मी दोन्ही बैलांना मोकळं, नुसतं दाव्यानं धरून पूर्ण पट्टीवरून चालवत नेलं. धाकट्यानं दोरीला हुंगलं, एका पत्रावळीवर पाय दिला, पण बाजूला ओढलं नाही. मला त्याच्या वागण्यात दोष दिसेना, हीच पंचाईत होती. दिसणाऱ्या दोषाला उपाय असतो.

माझ्या आधी बऱ्याच बाया पळाल्या. एकीनं तर भल्याभल्यांपेक्षा चांगली वेळ काढली. मी सलवार पोटऱ्यांशी दोऱ्यानं बांधली, ओढणी कमरेला करकचून गुंडाळली, दिराचे बूट घातले. धुरेवर बसल्यावर दिरानं सवयीनं सांगितलं, "धाकट्याले आखडून धरजा. दाबू देऊ नोका."

झेंडी पडली.

पहिल्या झेपेतच मला कळलं की काहीतरी वेगळं आहे. लोटणारा बैल कासऱ्यातून कळतो. तो मान तिरकी करतो, कासरा आडवा ओढला जातो, हाताला झटका बसतो. धाकट्याचा कासरा सरळ होता. ताठ, पण सरळ, तारेसारखा. तो फक्त पुढे मागत होता. माझ्या उजव्या हातात मात्र काही नव्हतं. थोरल्याचा कासरा झोळ पडून लोंबत होता. मी उजवीकडे पाहिलं. थोरल्याचं डोकं धाकट्याच्या खांद्याच्या मागे होतं.

जू तिरकं झालं होतं. डावी बाजू पुढे, उजवी मागे. तिरक्या जुवाचा छकडा मागे पडलेल्या बैलाकडेच वळणार, दुसरं काय करणार? कुणी कुणाला लोटत नव्हतं.

छकडा उजवीकडे सरकायला लागला होता. विचार करायला वेळ नव्हता आणि नंतर जेवढं नीट मांडता येतं तेवढं तेव्हा डोक्यात आलंही नाही. हातानं केलं. डावा कासरा ओढला, पण दिरानं ओढला होता तसा बाजूला नाही, मागे. पांदणीत चिखल आला की ओढते तसा. आणि धाकट्याला आवाज दिला, "हौ रे, हौ." तो मानायचा नाही असं एक क्षण वाटलं. शेजारची जोडी धूळ उडवत पुढे गेली. त्याला तिच्या मागे जायचं होतं, ते त्याच्या सगळ्या अंगात दिसत होतं. पट्टीची कड चाकाच्या जवळ आली. मी पुन्हा आवाज दिला. त्यानं एक पाऊल आखडलं. मग दुसरं.

थोरल्याचं डोकं हळूहळू वर आलं. जू सरळ झालं. आता मला थोरल्याचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा, मधे अडकणारा. त्याला मी हाकलला असता तर तो पळाला असता. असे बैल पडेपर्यंत पळतात. मी हाकललं नाही. धाकट्याला थोरल्याच्या चालीत धरून ठेवलं आणि आम्ही दुडक्या चालीनं पट्टीच्या अगदी मधून निघालो.

"बाई वरातीले निघाल्या," भोंग्यावरून आलं. "बँडवाले कुठं हायेत?" बांधामागची माणसं खो-खो हसली. कुणीतरी शिट्टी मारली. मला राग यायला हवा होता, पण माझं सगळं लक्ष दोन कानांत होतं, धाकट्याच्या. ते भोंग्याकडे वळले नाहीत. माझ्याकडे, मागे वळलेले होते.

रेषा ओलांडली. चाकं मधे. बायकांच्या गटात शेवटून पहिली आले.

दीर धावत आला. "वहिनी, राह्यला की आत. तुमी त्याले कसं काय लोटू नाई देल्लं?"

"तो लोटतच नव्हता."

मी खाली उतरले. जुवाला धरून उभी राहिले. थोरल्याच्या कुशी वर-खाली होत होत्या आणि नाकातून फेस येत होता. धाकटा उभ्या उभ्या कुटाराकडे बघत होता, त्याला घामसुद्धा धड आला नव्हता. मामाजी खुर्ची सोडून काठी टेकत आले होते.

"मामाजी, थोरला मागं पडते," मी म्हणाले. फिरवून सांगण्यात अर्थ नव्हता. "पह्यल्या दिवशीपासून. निम्म्यातून पुढं त्याले दम पुरत नाई. धाकटा सरळच जाते, म्हणून छकडा वळते."

"थोरल्यानं तुयं लग्न व्हाच्या अगोदर..." ते सुरू झाले.

"थोरला तवा जन्मलाही नव्हता."

दिरानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"धाकट्याचा कासरा माह्या हाताले काचला," मी म्हणाले. "थोरल्याचा हातात हाये का नाई, ते वळून पाहा लागलं."

ते थोरल्याजवळ गेले. कुशीवर तळहात ठेवला आणि तिथेच ठेवून उभे राहिले. श्वास मोजत होते की काय ते मला माहीत नाही. मग त्यांनी स्वतः गळ्याखालच्या जोत्याची गाठ सोडली, थोरल्याची मान जुवाखालून काढली आणि दिराला म्हणाले, "याले सावलीत ने. पाणी लगेच पाजू नोको."

धाकटा एकटा जुवाखाली राहिला.

म्हणजे तो पटाचा ठरला होता आणि त्याला जोड उरली नव्हती. घरी दावणीला दुसरा एकही पळणारा बैल नव्हता. दोन-तीन वर्षं थांबून नवा गोऱ्हा तयार करायचा, तोवर धाकटा बसून खाणार. बसून खाल्लेला बैल पळत नाही. तीन दिवस आम्ही त्याला वाचवायला धडपडलो होतो ते याच्यासाठी नव्हतं.

बागेवाला आमच्याकडेच येत होता. हातात संत्र्यांची पिशवी होती, ती त्यानं खुर्चीवर ठेवली आणि धाकट्याच्या भोवती एक चक्कर मारली. या वेळी त्यानं थट्टा केली नाही.

"वहिनी, तुमी त्याले दाबून धरलं होतं. मी पाह्यलं. मोकळा सोडला असता तं?"

"तं आम्ही तुमच्या बागेत असतो."

"माह्या बैलासंग लावून पाहा. पुढच्या पटाले. माह्या बैल उजवीकडंच पळते."

मी मामाजींकडे पाहिलं. ते सावलीतल्या थोरल्याकडे बघत होते. अर्ध्या-अर्ध्या जोडीचं नाव निघूनही त्यांनी आडकाठी केली नाही, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होते. तेव्हा मीच बोलले.

"एक पट. जमलं तं पुढं. धुरकरी आमचा. अन् त्याच्या आधी दोघं निदान पंधरा दिवस आमच्या पांदणीत एकत्र चालले पाह्यजेत. तुमचा बैल आणून ठेवा."

"माह्या बैल तुमच्या दावणीले?"

"दावण मोठी हाये."

बागेवाल्यानं मामाजींकडे वळून पाहिलं. "काका, तुमचं काय म्हणणं?"

"मले काय पुसतं," मामाजी म्हणाले. "कासरा तिच्या हातात, तिच्या संग बोल." मग खुर्चीतली पिशवी उचलून खाली ठेवली आणि सावकाश बसले. "पण तो तुया तांबडा आधी माह्यासमोर एकटा चालवून दाखव. मले वाटते तो उजवा पाय टाकताना चोरते."

"चोरत नाई काका."

"चालव तं खरं."